तीनशे साठ अंशांत अभ्यास

६ जानेवारी

लॅपटॉप आणला. साधा नव्हे, दुमडता. उघडला की लॅपटॉप, पूर्ण मागे वळवला की पाटी, मधेच थांबवला की तंबू. स्क्रीनला बोट लावलं की चालतो. पेनाने लिहिलं तर त्याचं छापील अक्षर करतो. दुकानदाराने विचारलं, वापर काय. म्हटलं, बढतीचा अभ्यास.

सोळा वर्षं पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसतोय. लोक खिडकीतून हात आत घालून ओरडतात. बढती झाली की आतली खोली. तिला दार आहे.

मुलाखत ११ फेब्रुवारीला, ऑनलाइन. दोनदा नापास झालोय. ही तिसरी आणि नियमाप्रमाणे शेवटची संधी. आधीच्या दोन्ही वेळी साधनांचा अभाव होता.

संकल्प: रोज पहाटे पाच ते सात. नियमावली २१२ पानं. रोज सात पानं. सहा फेब्रुवारीला संपते. पुढचे चार दिवस नुसती विश्रांती.

७ जानेवारी, सकाळी ८.४०

पाचला उठलो नाही. मशीनला पहिल्याच दिवशी ताण देऊ नये.

९ जानेवारी

टेबलावर तंबू करून ठेवला. काय रुबाबदार दिसतो. मग पाटी केली, मग पुन्हा तंबू. हिने स्वयंपाकघरातून विचारलं, अभ्यास सुरू केलात की अजून घड्याच घालताय. हिला म्हटलं, आधी यंत्र हाताखालून जाऊ द्यावं लागतं. ही म्हणाली, मग पायजम्यांच्याही घाला, ढीग पडलाय.

१४ जानेवारी

पाटी घेऊन अंथरुणात वाचायला सुरुवात. मी कुशीवर वळलो की पानही वळतं. मी परत पाठीवर, तर पान कुशीवर. पाऊण तास एकमेकांच्या मागे फिरत होतो. शेवटी मुलीने (नववीत आहे) येऊन कुठलंसं बटण दाबलं आणि स्क्रीनचं फिरणंच बंद करून टाकलं. कुठलं बटण ते सांगत होती. म्हटलं, मला माहीत आहे.

झालेली पानं: १.

१९ जानेवारी

पेनाने टिपणं काढली. मशीनला माझं अक्षर अजून लागत नाही. 'जलशुद्धीकरण' लिहिलं की 'जरा शुद्धीवर या' उमटतं. 'मीटर नादुरुस्त'चं 'मित्र ना दुरुस्त'. 'जलवाहिनी'चं दर वेळी 'जाऊबाई'. मुलगी म्हणाली, बाबा, अक्षर सुधारा. तिला समजावलं की मशीन शिकतंय, आणि शिकवतोय मी. म्हणजे एका वेळी दोघांचा अभ्यास.

२३ जानेवारी

शेजारच्या खिडकीवरच्या बाईही मुलाखतीला बसल्यात. डब्याच्या सुट्टीत दोनशे पानी वहीत नियम लिहून काढतात, लाल पेनाने अधोरेखित वगैरे. बोटाला शाई. कीव आली. त्यांना उत्तेजन मिळावं म्हणून मी लॅपटॉप नेला आणि खिडकीत पाटी करून ठेवला.

रांगेतल्या पहिल्या गृहस्थांना वाटलं, तक्रार नोंदवायचं नवीन मशीन आलंय. मी चहा घेऊन येईपर्यंत त्यांनी बोटाने तक्रार लिहिली. त्यांच्यामागून आणखी सतरा जणांनी. पुसायला गेलो तर माझी टिपणं पुसली गेली, तक्रारी राहिल्या. नियमावलीच्या अकराव्या पानावर आता 'चार दिवस नळाला थेंब नाही, लाज वाटते का' असं लिहिलेलं आहे. लोकांची अक्षरं मात्र मशीनला बरोबर लागली.

२ फेब्रुवारी

पान ११. अजून नऊ दिवस. रोज साडेबावीस पानं. अशक्य असं काही नाही.

९ फेब्रुवारी

पान ११. दोन दिवस, २०१ पानं. एक पान सोडून दिलं तर रोज बरोबर शंभर. आकडा गोल आहे, त्यामुळे मनावर दडपण येत नाही.

१० फेब्रुवारी

मुलाखतीला कुठला टाय लावावा, यात दिवस गेला. निळा.

११ फेब्रुवारी, दुपारी ४

मुलाखत झाली. सविस्तर लिहून ठेवतो, पुढच्यांना उपयोगी पडेल.

अकरा वाजता पलंगासमोर स्टूल, स्टुलावर तंबू. समितीचे तिघे जण स्क्रीनवर आले ते डोकं खाली, पाय वर. मला वाटलं, त्यांच्याकडे गडबड आहे. अध्यक्षबाई म्हणाल्या, आपण उलटे दिसताय. मी नम्रपणे म्हटलं, आपणही.

आता ते फिरण्याचं बटण कुठलं? मुलगी शाळेत. तंबू मोडून साध्या लॅपटॉपसारखा उघडता आला असता, पण साधाच उघडायचा तर साधाच घेतला असता. मी क्षणात निर्णय घेतला. एक मिनिट म्हटलं, पलंगावर उताणा झोपलो, आणि डोकं कडेवरून खाली सोडलं. सगळं जागच्या जागी आलं. समिती मला सरळ दिसू लागली, मी समितीला. शेजारच्या चौकटीत उघडून ठेवलेली टिपणंसुद्धा सुलटी झाली.

समितीचे तिघेही स्क्रीनच्या जवळ सरकले. प्रभाव पडला असावा. अध्यक्षबाईंनी विचारलं, तुमचा टाय वर का जातोय. मी म्हटलं, पंखा आहे. केसही, दुसरे सदस्य म्हणाले. मी म्हटलं, मोठा पंखा आहे.

पहिला प्रश्न: मुख्य जलवाहिनी फुटल्यास कोणती कार्यवाही कराल? टिपणात होतं, पुसण्यातून वाचलेलं एकच. वाचून दाखवलं: जाऊबाई फुटल्यास प्रथम झडप बंद करावी व परिसरातील नागरिकांना सूचना द्यावी. तिसऱ्या सदस्यांनी कॅमेरा बंद केला. त्यांच्या नेटवर्कला त्रास असावा.

चष्मा कपाळावर चढत होता. डोक्यात रक्त उतरून कान वाजू लागले. अध्यक्षबाई दोनदा म्हणाल्या की तुमचा चेहरा जांभळा पडलाय, बरं वाटत नसेल तर थांबू या. मी म्हटलं, जन्मजात रंग आहे, विचारा. अकराव्या मिनिटाला पलंगाची चादर सरकू लागली, आणि चादरीबरोबर मी. बोलणं थांबवलं नाही. खांद्यावर आपटेपर्यंत गळती प्रतिबंधावर बोलत होतो. मोबाइल पाठीखाली येऊन फुटला.

ही धावत आली. पाणी पाजलं. काय होतंय, काय होतंय, असं विचारत राहिली. म्हटलं, काही नाही, निवड होतेय.

१२ फेब्रुवारी

आज विचित्र प्रकार. कार्यालयात पोचायला वीस मिनिटं उशीर झाला. आत शिरलो तर सगळे उभे, माना खाली, खिडक्या बंद. कुणीतरी गेलेलं दिसत होतं. कोण, ते अशा वेळी विचारणं बरं दिसत नाही. मीही दाराजवळ उभा राहून मान खाली घातली. मनात म्हटलं, देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो. वाईटही वाटलं, कारण कुठल्याही खात्यातला असला तरी माणूस आपलाच.

दोन मिनिटं झाल्यावर मॅडम (आमच्या कार्यालयप्रमुख) दिवंगतांबद्दल बोलू लागल्या. सोळा वर्षं खिडकीवर बसले, म्हणाल्या. कधी कुणाला उलटून बोलले नाहीत. मला वाटलं, हे माझ्यासारखंच कुणीतरी. तेवढ्यात शेजारच्या खिडकीवरच्या बाईंनी डोळे पुसत मान वर केली, मला पाहिलं आणि मटकन खाली बसल्या.

उलगडा असा. मी पलंगावरून खाली घसरलो, ते समितीच्या स्क्रीनवर उलटं दिसलं. म्हणजे मी बोलता बोलता हळूहळू वर वर जात दिसेनासा झालो. मग नुसती भिंत. अध्यक्षबाईंनी घाबरून मॅडमना फोन केला की तुमचा माणूस मुलाखत देता देता वर गेला. माझा मोबाइल लागेना. मॅडमनी काय ते समजून घेतलं.

सगळ्यांनी हात हातात घेतले. मॅडमनी स्वतःच्या खोलीतली खुर्ची दिली. त्या खोलीला दार आहे. दहा मिनिटं बसलो. फार शांत वाटलं.

संध्याकाळी मुलीला सगळं सांगितलं. तिने लॅपटॉप सरळ उघडला, माझ्यासमोर ठेवला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आतून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता. मग बाहेर आली, गरम पाण्याची पिशवी आणली आणि माझ्या खांद्याला शेक दिला.

२० फेब्रुवारी

निकालपत्र आलं. शेजारच्या खिडकीवरच्या बाईंची निवड. मला पन्नासपैकी चार. चारही टाय नीट बांधल्याबद्दल असावेत.

पण पत्रात खाली एक ओळ आहे: मुलाखतीच्या वेळी उमेदवार आजारी असल्यास वैद्यकीय दाखला जोडावा, फेरमुलाखतीचा विचार केला जाईल. समितीचं मन मोठं आहे. मी आजारी होतोच. आता नुसतं कागदावर यायला हवं.

घरी पत्राचं बोललो नाही. आधी दाखला, मग बोलू. बाईंचं अभिनंदन केलं. त्यांनी त्यांची वही मला दिली. घ्या, म्हणाल्या, पुढच्या वेळेला. पुढची वेळ नाही, हे त्यांना माहीत नसावं. किंवा असावं.

२४ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे गेलो. ही बरोबर आली. नको म्हटलं तरी आली. बाहेर बाकावर बसली.

डॉक्टरांना चक्कर सांगितली, कानातला आवाज सांगितला, चेहऱ्याचा रंग सांगितला. त्यांनी रक्त तपासलं, छातीचा आलेख काढला, गुडघ्यावर हातोडी मारली, एका पायावर उभं केलं. मग विचारलं, चक्कर आली तेव्हा आपण काय करत होता. खोटं बोलता आलं नाही. त्यांनी पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं. मग दाखला लिहिला: कोणताही आजार नाही. मी विचारलं, थोडासाही नाही का. ते म्हणाले, या वयात इतकी चांगली प्रकृती कमी लोकांची असते.

बाहेर आलो. ही उभी राहिली. काय म्हणाले, विचारलं. काही नाही म्हणाले, असं सांगितलं. दाखला दाखवला. तिने तो दोनदा वाचला आणि पदराने डोळे टिपले. चार दिवस तिला वाटत होतं, मी तिच्यापासून काहीतरी लपवतोय.

लपवत होतो. ते पत्र माझ्या वरच्या खिशात, चार घड्या घालून.