आजीनं सांगून सोडलं

अंथुर्णे, ता. इंदापूर
शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. राजेश्वरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. आजच्या काळात सासूचं पोस्टानं पत्र आलं तर कुठल्याही सुनेला वाईट बातमीच वाटायची. पण फोनवर मी काही सांगायला लागले की तू 'बरं आई' म्हणतेस, आणि त्या 'बरं आई'च्या पुढं माझं बोलणं जात नाही. शिवाय हे पत्र मी माझ्या मर्जीनं लिहीत नाहीये, ते माझ्याकडून लिहून घेतलं जातंय. लिहून घेणारी इथंच पायरीवर बसली आहे आणि दर पाच मिनिटांनी येऊन कागद किती भरला ते बघून जाते.

दिवाळीला तू चार दिवस येऊन गेलीस, त्यानंतर इकडं विशेष काही नाही. कारखाने सुरू झालेत, त्यामुळं रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत, मोठमोठ्यानं गाणी लावून चाललेत. छकुली तिचे कान झाकायचे हेडफोन लावते आणि बसून ट्रॉल्या मोजते. अजितची शेडनेटमधली ढोबळी मिरची यंदा चांगली आली आहे. माझे गुडघे आहेत तसेच आहेत. तुझ्या धडगावला थंडी पडली असेल, दवाखान्यात रात्रपाळी असली तर स्वेटर घालत जा. आणि फोनवर तू सगळ्यात आधी जे विचारतेस त्याचं उत्तर आधीच देऊन ठेवते, गेट लावलेलं आहे.

आता खरी बातमी सांगते, बसून वाच. आपली छकुली सायकल चालवते.

चुकीचं वाचलं नाहीस. दुचाकी सायकल, मागं आधाराची चाकं नाहीत, कुणी धरलेलं नाही. गेल्या रविवारी बारामतीच्या ग्राउंडवर तिनं दोन पूर्ण चकरा मारल्या, ब्रेक दाबून थांबली आणि पाय टेकवून खाली उतरली. जुलैपासून आम्ही रविवारी तिला 'खेळाच्या वर्गाला' नेतो असं तुला सांगत होतो ना, तो हा वर्ग. सायकल म्हटलं असतं तर तू तिकडं झोपली नसतीस, म्हणून अजितनं आणि मी तोंड बंद ठेवलं.

सुरुवात तिनंच केली. ती पडली तेव्हा अजितनं रागानं सायकल शेडमध्ये वर टांगून ठेवली होती, तुला माहीत आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाली तशी ही रोज तिथं जायला लागली. खाली स्टूल ठेवायचं, त्यावर उभं राहायचं आणि हातानं चाक फिरवत बसायचं. अर्धा-अर्धा तास. मी जवळ गेले की चाक थांबवायची आणि तिचं ते सुरू व्हायचं, 'धरलंय, धरलंय, धरलंय'. हात प्लास्टरमध्ये होता तेव्हापासून ती हेच म्हणते. डॉक्टर म्हणाले होते, कुठंतरी ऐकलेले शब्द ही मुलं घोकत राहतात, त्याला अर्थ असेलच असं नाही. तूही मान हलवली होतीस आणि मीही.

मग मी चौकशी केली. बारामतीत दिग्विजय म्हणून एक व्यायामोपचारवाले आहेत, ते एका शाळेच्या ग्राउंडवर आपल्या छकुलीसारख्या स्वमग्न मुलांना सायकल शिकवतात. पहिल्या रविवारी मी जरा ऐटीतच गेले. एकतीस वर्षं इंदापूरला मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवलेली बाई. शासनाच्या सायकली मिळायला लागल्यापासून दोनशेच्या वर मुलींना मी सायकलवर बसवलंय. गळ्यात शिट्टी होती. दिग्विजयनं नमस्कार केला आणि म्हणाले, "मॅडम, शिट्टी तेवढी गाडीत ठेवा."

पुढचं बघून मला वाटलं, हा माणूस काय सायकल शिकवणार. त्यांनी सगळ्या सायकलींची पायडलं काढून ठेवली होती. सीट इतकी खाली की मुलांचे दोन्ही पाय जमिनीला पुरावेत. मुलं नुसती पायांनी ढकलत फिरत होती. ओरडायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, 'शाब्बास'सुद्धा हळू म्हणायचं. भिंतीला टेकून एक फळा, त्यावर आज काय काय करायचं ते ओळीनं लिहिलेलं, आणि लिहिलं त्याच्या पुढं एक पाऊलही जायचं नाही. आपल्या छकुलीला तो फळा फार आवडला. लिहिलेलं असलं की तिचा विश्वास बसतो.

तिथं सुप्याहून एक तानूबाई येतात, नातवाला घेऊन. जोतीराम त्याचं नाव, सतरा वर्षांचा, अंगानं अजितपेक्षा मोठा. माझं तोंड बघून त्या म्हणाल्या, "बाई, मला बी असंच वाटलं व्हतं. म्हटलं पायडल न्हाय तर सायकल कशाची. पर ह्यो बघा, तीन वरीस आमी सायकलला हात लावू दिला न्हाय, आन् आता दूध घालायला त्योच जातोय." मग माझ्याकडं निरखून बघत म्हणाल्या, "तुमच्या नातीनं तुमाला लांब का उभं केलंय?"

खरंच केलं होतं. माझा हात सायकलला लागला की ती उतरायची आणि जाऊन फळ्यापाशी उभी राहायची. दिग्विजयनं लावलेला चालायचा, अजितचा चालायचा, त्या तानूबाईंचाही चालायचा. माझा नाही. पाच रविवार मी चुन्याच्या रेघेबाहेर खुर्ची टाकून बसले. लोकांच्या पोरींना शिकवलेली बाई स्वतःच्या नातीच्या सायकलला हात लावू शकत नव्हती, आणि का ते त्या ग्राउंडवर तिला आणि मला दोघींनाच माहीत होतं.

सहाव्या रविवारी दिग्विजयनं फळ्यावर एक नियम लिहिला, पालकांसाठी. 'हात लावायचा तर सांगून. काढायचा तर सांगून.' छकुलीनं तो मोठ्यानं वाचला, तीन वेळा. मग माझ्याकडं बघितलं. ती कुणाच्या डोळ्यांत बघत नाही, तुला ठाऊक आहे, पण त्या दिवशी बघितलं.

इथं मी पेन ठेवून चहा करून आले. पायरीवरून लगेच आवाज आला, "लिहिलं?" लिहिते आहे बाई.

गेल्या रविवारचं सांगते. पायडलं बसवून तीन आठवडे झाले होते, पण सुरुवातीला कुणीतरी मागं धरावं लागायचं. दिग्विजय पुढं झाले तर हिनं त्यांना बाजूला केलं, चालत माझ्या खुर्चीपाशी आली आणि मनगट धरून मला नेलं. माझा हात स्वतः उचलून कॅरियरवर ठेवला. सीटवर बसली आणि मागं न बघता म्हणाली, "आजी, धरलंय?"

"धरलंय," मी म्हटलं.

"खरं?"

"खरं."

मी तिच्यामागं चालत राहिले, गुडघे बोंबलत होते तरी. वीसेक पावलं गेल्यावर म्हटलं, "छकुली, आता सोडते." तिनं मान हलवली. मग मी सोडलं. आणि ती गेली गं राजेश्वरी. सरळ गेली, वळली, पलीकडच्या कडेनं आली. वेणी पाठीवर उडत होती. अजित मला म्हणाला, आई, टाळ्या वाजवू नकोस, आणि स्वतः तोंडावर रुमाल धरून रडत होता. मी रडले नाही. मला इतकं हलकं वाटत होतं की रडायचं सुचलं नाही. दुसरी चकर मारून ती बरोबर माझ्यापुढं थांबली, पाय टेकवला आणि म्हणाली, "आजीनं सांगून सोडलं."

परत येताना गाडीत तिनं वाटेतल्या सगळ्या ट्रॉल्या मोजल्या. घर यायला पाच मिनिटं राहिली तेव्हा म्हणाली, "तेव्हा नाही सांगितलं. आईला लिही."

अजितला काही कळलं नाही. मला कळलं. मी म्हटलं, लिहिते. त्या दिवसापासून रोज सकाळी दात घासून झाले की ही माझ्यासमोर उभी. "लिहिलं?" सोमवारी विचारलं, मंगळवारी विचारलं. एकदा तोंडावर आलं होतं 'हो' म्हणायचं. कुणाला कळणार होतं? पण मग तिच्या सायकलला हात लावायला मला पुन्हा मिळालं नसतं.

तर ऐक. दोन वर्षांपूर्वी नवरात्रात छकुली पडली, हात मोडला, हनुवटीला तीन टाके पडले, तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं की मी देवापाशी बसले होते आणि ती एकटीच सायकल घेऊन बाहेर गेली. ते खोटं होतं. तिला मी नेलं होतं. तू ड्युटीवर गेलीस आणि मी सायकल काढली. तू बजावून गेली होतीस, 'आई, मी असल्याशिवाय शिकवू नका, हिची पद्धत वेगळी असते, मी माहिती काढतेय.' मला राग आला होता. दोनशे पोरी शिकवलेल्या बाईला कालची पोरगी पद्धत शिकवते. म्हटलं, संध्याकाळी ही घरी येईल तेव्हा छकुली समोरून सायकलवर येताना दाखवते.

माझी पद्धत सगळ्यांची असते तीच. कॅरियर धरायचं, मागून पळायचं, 'धरलंय, धरलंय' म्हणत राहायचं आणि हळूच सोडून द्यायचं. पोरगी पुढं जाते, मागं वळून बघते, बाई लांब उभ्या दिसतात आणि खुदकन हसते. दोनशे पोरी हसल्या. छकुलीनं वळून बघितलं आणि हसली नाही. मी 'धरलंय' म्हणत होते आणि माझे दोन्ही हात रिकामे होते. तिनं ते बघितलं, हँडल सोडून कान झाकले आणि पाण्याच्या चारीच्या कडेच्या दगडांवर पडली.

म्हणजे ती काही घोकत नव्हती. दोन वर्षं ती सगळ्यांना सांगत होती की आजी काय म्हणाली. साऱ्या घरात तिचं बोलणं एकटीला मला समजत होतं, आणि मी डॉक्टरांसमोर मान हलवली.

त्या संध्याकाळी अजित तुला काय काय बोलला ते मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं. तू उलटून एक शब्द बोलली नाहीस. गेल्या वर्षी बदलीची ऑर्डर आली तेव्हा छकुलीच्या दिव्यांग प्रमाणपत्रावर ती टळली असती, पण तू अर्जच केला नाहीस. जाताना मला म्हणालीस, "आई, माझ्याच्यानं तिच्याकडं लक्ष राहत नाही. तुमच्यापाशी ती नीट राहील." आणि मी तुझ्या डब्यात लाडू भरत होते. त्याच वेळी सांगायला पाहिजे होतं. मी डब्याचं झाकण लावलं.

काल शेडनेटमध्ये अजितला सांगितलं. तो मिरच्या तोडत होता, तोडतच राहिला. क्रेट भरलं तेव्हा म्हणाला, "आई, त्या दिवशी मी तिला जे बोललो, ते तू ऐकलं होतंस ना?" मी हो म्हटलं. "मग मला कशाला सांगती? तिला सांग." तो आज तुला फोन करणार होता, पण मी म्हटलं, आधी माझं पत्र पोचू दे. त्यालाही तुझ्याशी पुष्कळ बोलायचं आहे.

इकडं परत बदलीचा अर्ज करायचा की नाही, कधी करायचा, ते तू ठरव. मी आता कशातच काही सांगणार नाही. फक्त एवढं की छकुलीनं भिंतीवर कागद लावला आहे, त्यावर ओळीनं लिहिलंय. सायकल, पत्र, आई. पहिल्यावर खूण झाली आहे.

आत्ता ती येऊन सगळं वाचून गेली, ओळीखाली बोट ठेवून. मला वाटलं, आता सुटले. तर म्हणाली, "गेट?"

मी म्हटलं, अगं, वर सगळं आलंय की त्यात.

"गेट लिही."

लिहिते. दोन वर्षं तू रोज विचारतेस, आता धडगावहूनसुद्धा, गेट लावलंय ना. कारण मी सगळ्यांना सांगितलं होतं की ड्युटीला जाताना तुझ्याकडून ते उघडं राहिलं, म्हणून पोरगी बाहेर गेली. त्या दिवशी गेट तू लावून गेली होतीस, राजेश्वरी. कडी मी काढली.

छकुली म्हणते, बरोबर आहे.

आता हे पाकीट सायकलच्या बास्केटात जाईल. पोस्टाच्या पेटीपर्यंत ती चालवत नेणार आहे, अजित मागून चालत जाईल. मी गेट उघडून देणार आहे आणि ती परत येईपर्यंत तिथंच उभी राहणार आहे. माफ कर असं सुनेला म्हणायची आमच्यात पद्धत नाही. मी म्हणते. माफ कर.

तू येशील तेव्हाही गेट मीच उघडीन.

तुझी सासू,
विजयमाला