कोठीमागच्या गोळ्या

बाबा, तुम्हाला मांजरं आवडत नव्हती हे मला माहीत आहे. पण आपल्या रायपूरच्या, बुढापारा मोहल्ल्यातल्या घरात गेली चौदा वर्षं एक मांजर राहते, आणि आज लिहायला बसले ती तिच्यामुळेच. तुम्ही गेल्यावर सातेक वर्षांनी ती आली. मागच्या गल्लीत स्कूटरखाली येता येता वाचलेलं मूठभर पिल्लू आईनं पदरात घालून आणलं आणि म्हणाली, दोन दिवस ठेवू. तिला नाव कधी ठेवलंच नाही. भांडी घासायला येणारी बाई अलीकडे तिला 'डोकरी' म्हणते, इकडच्या छत्तीसगढी बोलीत म्हातारी, आणि मग आम्हीही तेच म्हणायला लागलो.

मागच्या उन्हाळ्यात डोकरी आटायला लागली. खाणं उलट वाढलेलं. सकाळी दूध-पोळी, दुपारी पुन्हा दूध-पोळी, मी ऑफिसातून आल्यावर दारातच ओरडत उभी. तरी पाठीचा कणा बोटांना लागायचा. एका सुट्टीच्या दिवशी झाकण असलेल्या भाजीच्या टोपलीत घालून तिला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. आवारात गाई, दोन म्हशी, एक लंगडणारी शेळी, आणि त्यांच्यात टोपली मांडीवर घेऊन मी. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी डोकरीचा गळा बोटांनी चाचपला, रक्त काढलं आणि ते माणसांच्या लॅबमध्ये पाठवलं, कारण जनावरांची तशी तपासणी इथे होत नाही. लॅबवाल्यानं मला विचारलं, "पेशंट का नाम?" मी सांगितलं, डोकरी. त्यानं मान खाली घालून लिहिलं, "डोकरी बाई, उमर चौदह." मग थबकून माझ्याकडे बघितलं. तुम्ही असता तर हा किस्सा महिनाभर सगळ्यांना सांगितला असता.

निदान असं निघालं की गळ्यातली एक ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते आणि त्यात तिचं शरीर जळत चाललं आहे. इलाज सोपा होता. माणसांना देतात तीच छोटी गुलाबी गोळी, पाव तुकडा, सकाळ-संध्याकाळ, जगेल तोवर. "गोली पेट में जानी चाहिए, बस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पेट में जानी चाहिए! रेल्वेच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरची मुलगी मी. मला वाटलं, यात काय कठीण आहे.

पहिल्या दिवशी मासळीच्या तुकड्यात गोळी घातली. डोकरीनं मासळी खाल्ली आणि गोळी ताटलीत ठेवली, चाटून पुसून, अगदी कोरडी. दुसऱ्या दिवशी साय, मग पेढा. पेढ्याला तिनं नुसता वास घेतला आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की मलाच लाज वाटली. गोळी कुटून दुधात घातली तर तिनं दोन दिवस दूधच सोडलं. तेव्हा तुमचं ते वाक्य आठवलं. मी सहावी-सातवीत असेन, आई तापानं पडली होती, कडू गोळी घेईना, म्हणून मी ती शिऱ्यात लपवली. तुम्ही स्वैपाकघरात आलात, ताट उचललंत आणि मला बाहेर बोलावून म्हणालात, "औषध लपवून देऊ नाही पोरी. एकदा का समजलं, तं मंग तुह्या हातचं पाणीबी पिणार नाही कोणी." आवाज चढवला नव्हता, पण मला ते मारापेक्षा जास्त लागलं होतं.

म्हणून मग उघडपणे द्यायचं ठरवलं. आई आता चौऱ्याहत्तरची आहे, गुडघे दुखतात, पण हात अजून घट्ट आहेत. ती जुन्या टॉवेलमध्ये डोकरीला गुंडाळून मांडीवर घ्यायची, मी जबडा उघडून गोळी आत टाकायची. डोकरी माझ्या मनगटावर रोज एक नवी रेघ ओढायची. ऑफिसात विचारायचे, "दीदी, ये हाथ को क्या हुआ?" आपलं रायपूर आता नव्या राज्याची राजधानी आहे बाबा. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय बसलं आहे, जिथे पलंग होते तिथे फायली आहेत, आणि माझं टेबल बहुधा एखाद्या वॉर्डातच आहे. तिथे बसून मी हातावर मलम लावायची आणि मनातल्या मनात समाधान मानायची, की गोळी गेली.

महिनाभरानं वजन केलं तर ते आणखी कमी झालेलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर पेन टेकवून थोडा वेळ विचार केला. "डोस दुगना करके देखते हैं पंद्रह दिन. फिर भी फ़र्क नहीं पड़ा तो दीदी, इसको और तकलीफ़ मत दीजिए." मी टोपली उचलली आणि रिक्षात बसले. घरी आल्यावर आईला फक्त पहिलं वाक्य सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. स्वैपाकघरात तांदळाच्या कोठीखाली मुंग्या झाल्या होत्या म्हणून मी ती पत्र्याची कोठी पुढे ओढली. मागे, भिंतीच्या कडेला, गोळ्या होत्या. पाव पाव तुकडे, काही विरघळून फरशीला चिकटलेले, काही नुकतेच थुंकलेले, रंग न गेलेले. टॉवेलातून सुटल्यावर ती नेहमी कोठीमागेच का पळायची ते तेव्हा कळलं. गोळी गालात धरायची आणि तिथे जाऊन टाकायची.

मी खाली बसले. आणि बाबा, मला त्या फरशीवर तुमचा कोट दिसला.

तुमचा रेल्वेचा काळा कोट खुंटीला टांगलेला आहे. मी एकोणीस वर्षांची आहे. रेशनकार्ड शोधायला मी खिशात हात घालते आणि ओंजळभर पांढऱ्या गोळ्या हाताला लागतात. पायांवरची सूज उतरावी म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या, मी घड्याळ बघून रोज तुमच्या तळहातावर ठेवलेल्या. तुम्ही खाटेवरून बघत असता. "ठेवून दे तथीच," तुम्ही म्हणता. मी विचारते, काहून? तुम्ही पांघरूण सुजलेल्या पायांवर ओढून घेता. मग म्हणता, "ते गोळी घेतली का दहादा लघवीले उठावं लागते. आंगण ओलांडून, कोणाचा तरी हात धरून. तुह्या आईचा, नाही तं तुहा. मले नको. डॉक्टरले सांगू नको, आईलेही नको. शब्द दे." मी शब्द दिला. आठवड्यानं डॉक्टर आले, तुमची छाती ऐकली, पायावर अंगठा दाबून बघितला आणि म्हणाले, गोली असर नहीं कर रही. त्यांनी आणखी एक गोळी लिहिली. मी पाण्याचा ग्लास घेऊन खाटेच्या पायथ्याशी उभी होते आणि बोलले नाही. पुढच्या दोन महिन्यांत तुम्ही गेलात.

एकवीस वर्षं मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. ग्लास हातात घेतला की कधीतरी आठवायचं, मग आपोआप कामाला लागायची. त्या रविवारी मात्र कोठीशेजारी बसून रडायलाच लागले. आई बाहेर तांदूळ निवडत होती, ती भिंतीला धरून आत आली.

"काहून रडून राहिली? मेली का मांजर?"

"नाही," मी म्हटलं, आणि सगळं सांगून टाकलं. कोट, गोळ्या, शब्द, डॉक्टर. आई ऐकता ऐकता पाटावर बसली. माझं संपल्यावर तिनं चष्मा काढून पदराला पुसला.

"मले माहीत होतं ना," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"कोटातल्या गोळ्या. कोट धुवाले काढला तवा भेटल्या. मी त्याच दिवशी डॉक्टरच्या घरी गेली. ते म्हणे, भाभी, मुझे शक था. मंग दर दोन दिवसांनी दवाखान्यातला नवा कंपाउंडर येऊन सुई देत होता, आठवते तुले? ताकदीची म्हणून. ते ताकदीची नव्हती. तेच औषध होतं."

"अन् बाबांना समजलं नाही?"

"समजलं नसन? आयुष्यभर सुया भरल्या त्या माणसानं. पण ज्या पोट्ट्याले स्वतः शिकवलं त्याले नाही कसं म्हणतीन? गुमान हात पुढं केला. मी खाटेखाली भांडं ठेवलं, दोरीवर चादर टाकून पडदा केला. मंग आंगणात जायाचं कामच नव्हतं."

तो पडदा मला आठवत होता, बाबा. फिकट निळ्या चौकड्यांची चादर. इतकी वर्षं मला वाटत होतं की ती उन्हासाठी होती.

"सूज उतरलीही होती दहा दिवस," आई पुढे म्हणाली. "पण हृदयच थकलं होतं. डॉक्टरनं मले बाहेर नेऊन सांगतलं, दवा पहुँच रही है, अब दिल साथ नहीं दे रहा. तुह्या हातात काही नव्हतं. माह्याही नाही."

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"तुले कायले सांगू? घड्याळाकडं पाहून पाहून गोळ्या देत होती तू. बाप आपल्या हातची गोळी खिशात टाकते, हे पोट्टीले समजलं असतं तं किती वाईट वाटलं असतं." मग थांबून म्हणाली, "मले काय माहीत, तुले आधीच माहीत होतं."

एकवीस वर्षं आम्ही दोघी एकाच स्वैपाकघरात वावरलो, एकमेकींना वाईट वाटू नये म्हणून एकच गोष्ट झाकत. मला हसू आलं, मग आईलाही आलं. डोकरी दारात येऊन दोघींकडे बघत उभी राहिली. "आता ह्या डोकरीच्या डॉक्टरनीले पहिले सांगून ये," आई डोळे पुसत म्हणाली, "नाही तं दुप्पट गोळ्या कोठीमागं जातीन."

सोमवारी ऑफिसला उशिरा येते म्हणून सांगितलं आणि थुंकलेले तुकडे कागदाच्या पुडीत बांधून घेऊन गेले. डॉक्टरीणबाई पुडी उघडून खो खो हसल्या. "अच्छा हुआ बता दिया दीदी. मैं तो समझ रही थी दवा ही बेकार जा रही है." डोस तोच ठेवला आणि हात धरून शिकवलं. डोकं वरून धरायचं, नाक छताकडे, गोळी जिभेच्या अगदी मागे. मग लगेच सोडायचं नाही. सुई काढलेल्या सिरिंजनं गालाच्या कडेनं थोडं पाणी, आणि नाकाच्या शेंड्यावर बोटाच्या टोकाएवढं लोणी. लोणी चाटायला जीभ बाहेर आली म्हणजे गिळलं समजायचं. मुख्य म्हणजे, "उससे छुपाइए मत. रोज़ एक ही टाइम, एक ही जगह." मला तुम्हीच बोलता आहात असं वाटलं.

चार-पाच दिवस झटापट झाली. मग एका सकाळी तिनं गोळी गिळली, लोणी चाटलं आणि आईच्या मांडीवरून उठलीच नाही. दीड महिन्यानं वजन पाव किलो वाढलं होतं. आता कणा हाताला लागत नाही. ओरडणं थांबलं आहे, उन्हात पाय पसरून झोपते, क्वचित एखाद्या पालीमागे चार पावलं धावते आणि दमून बसते. माझ्या मनगटावरच्या रेघाही पुसट झाल्या. किती दिवस राहील माहीत नाही, डॉक्टरीणबाईंनी काही वचन दिलेलं नाही. पण हल्ली मी ऑफिसातून घरी येताना रस्ताभर हलकी असते. तलावाच्या काठानं चालत येते, फुटाणे घेते, कधी आईसाठी जिलबी घेते. आई परवा म्हणाली, तुह्या चेहऱ्यावर मास चढलं, का तूही तिच्याच गोळ्या घेऊन राहिली?

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही हे मला कळतं, म्हणूनच एवढं लिहू शकले. आईला मी सगळं सांगितलं असं वर लिहिलं, ते पूर्ण खरं नाही. एक गोष्ट तिलाही सांगितली नाही. तुम्ही तुमच्या थोरल्याला, दादाला, सुट्टीच्या दिवशी दवाखान्यात न्यायचात, त्याला तराजूत पावडर तोलायला शिकवायचात. मी दारातून बघायची, मला कधी नेलं नाहीत. कोटात गोळ्या सापडल्या त्या दिवशी दादा बाहेरच्या खोलीतच होता. तरी तुम्ही गुपित मला सांगितलंत. मी गप्प राहिले ते शब्द दिला म्हणून, असंच मी स्वतःला सांगत आले. पण बाबा, खरं सांगू? तुम्ही मला निवडलंत याचा मला त्या दिवशी फार आनंद झाला होता.