तुमच्या गाडीच्या काचेबद्दल

अमरावती,
रविवार, १२ मे

आदरणीय रश्मीताईंना,

शालूचा सप्रेम जय भीम. भाऊजींनाही सांगावा. तुमची लेक प्राजक्ता आणि तिचं बाळ सुखरूप असतील. बाळाचे कान तुमच्या भावावर गेलेत हे फोटोत पाहिलं. कान गेले तर गेले, हात तेवढे त्यांच्यावर जाऊ देऊ नका. तुमचे गुडघे कसे आहेत? पुण्यात जिने फार, जपून चढा. आम्ही इकडे बरे आहोत. ऊन पंचेचाळीसला टेकलंय आणि मी तुमच्या भावाबरोबर राहते, एवढं सोडलं तर बरेच.

फोन सोडून पत्र काहून, असं वाटेल. फोनवर मी एक वाक्य बोलले की तुम्ही ‘थांब, यांना स्पीकरवर घेते’ म्हणणार, आणि माझं दुसरं वाक्य घशातच राहणार. तेव्हा आधी खुर्चीवर बसा. तुमच्या गाडीची पुढची काच तडकली आहे. गाडी बरी आहे, माणसं बरी आहेत, काच बरी नाही.

गाडी आमच्या शेडमध्ये ठेवून बडनेऱ्याला पुण्याच्या रेल्वेत बसताना तुम्ही किल्ली देऊन सांगितलं होतं, की धर्मपाल, एक दिवसाआड दहा मिनिटं इंजिन चालू ठेव, बाकी हात लावू नको. (साठाव्या वर्षी शिकून घेतलेली गाडी तुम्ही कशी जपता, हे का मला माहीत नाही? अकोल्याहून आमच्याकडे येताना तुम्ही मागच्या सीटवरही कुणाला चपला घालून बसू देत नाही.) पहिला आठवडा तुमच्या भावाने नीट पाळलं. मग त्यांना वाटायला लागलं, की उभ्या गाडीचं इंजिन चालवणं म्हणजे पेट्रोलची नासाडी, त्यापेक्षा तेवढ्यात परतवाडा होतं. परतवाड्याला पोचल्यावर आठवलं, की धारणीला त्यांच्या ऑफिसातले जुने साहेब राहतात आणि ते आजारी असतात. साहेब ठणठणीत निघाले. आम्हाला दोन वाट्या रबडी खाऊ घातली. येताना घाटाखाली गिट्टीच्या टिप्परमागे लागलो, आणि एक खडा येऊन काचेवर बसला. मसुराच्या दाण्याएवढा टवका, ड्रायव्हरच्या समोर नाही, माझ्या समोर. घरी येईपर्यंत दोघांचा डोळा त्या टवक्यावर. त्यांना तुमची भीती, मला त्यांची.

माझी भीती खरी ठरली. सरळ काचवाल्याकडे जायचं सोडून त्यांनी मोबाइलवर एक हत्यार मागवलं. हातभर डब्यात एक प्लास्टिकचा स्टँड, काचेला चिकटणारी रबरी वाटी, मधोमध पितळी नळी, तिच्यात पिळायचा स्क्रू, आणि डोळ्यात घालायच्या औषधाएवढी एक बाटली. बाटलीतला डिंक नळीत टाकायचा, स्क्रू पिळून टवक्यात दाबायचा, मग उलटा पिळून हवा काढायची, आणि उन्हात वाळवायचं. व्हिडिओतला माणूस हे चार मिनिटांत करतो आणि वर हसतो. तुमच्या भावाने तो व्हिडिओ एवढ्यांदा पाहिला, की मला त्या माणसाच्या बायकोची कीव यायला लागली.

पण तुमच्या गाडीवर एकदम हात टाकायचा नाही, आधी सराव करायचा, एवढी जबाबदारी त्यांना होती. सरावाला टवका पडलेली काच हवी. तशी घरात नव्हती. मग त्यांनी आमच्या टीपॉयच्या काचेवर खिळा ठेवून हातोडीने टवका पाडायचं ठरवलं. ताई, दुरुस्ती शिकायला आधी मोडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. काचेचे चार तुकडे झाले. त्यावर, ‘हा प्रकारच वेगळा असते काचेचा,’ असं मला समजावून सांगितलं. तेव्हापासून टीपॉयवर परात ठेवून चहा होतो.

बुधवारी सकाळी सहाला काम सुरू करायचं ठरलं, कारण हत्याराबरोबर आलेल्या कागदावर लिहिलं होतं की काच गार हवी. सहाला नत्थुजी आले. (शेजारचे, एस.टी.तून रिटायर झालेले. त्यांना आमच्या घरातल्या पकडीचा आवाज बरोबर ऐकू येतो.) म्हणाले, “काच म्हंजे दात समजा धर्मपालभाऊ, एक डाव कीड लागली का हालवू नोका.” मग दातावरून दाढ, दाढेवरून नागपूरचा डॉक्टर, असं करत साडेनऊ वाजले. नत्थुजी अंघोळीला गेले तेव्हा कुठे नळी काचेला लागली. तोवर टिनाच्या शेडखाली पोळी भाजता आली असती. तरी खोटं का सांगू, डिंक आत गेला. टवका जवळजवळ दिसेनासा झाला. यांनी आनंदाने हाक मारून मला ते दाखवलं, मग हे पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले, परत गेले तर काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकलेली. त्या वेळी गाडीजवळ कोणीच नव्हतं, असं त्यांचं म्हणणं आहे. स्क्रू एक फेरा जास्त पिळला गेला, असंही त्यांचंच म्हणणं आहे.

तर असं झालं. तुम्ही मुख्याध्यापिका होतात, चूक कुणाची त्याप्रमाणे गुण कापालच. प्राजक्ताला मेथीचे लाडू पाठवते आहे.

तुमची भावजय,
शालू

ता.क. काचवाला म्हणाला, टवका होता तेव्हाच आणला असता तर अर्ध्या तासाचं काम होतं. आता अख्खी काच बदलावी लागेल. विम्यात बसते, पण मालकाची सही लागते. येत्या रविवारी उतरलात की तेवढी करा.

ता.क. दुसरं. वर मी गाळलेलं लिहिते. काच हाताला चटका देत होती. हे पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले ते जरा तिथेच टेकले, तेवढ्यात मी हॉलमधला चाकाचा कूलर ढकलत शेडमध्ये नेला, तिथल्या प्लगला लावला आणि पाण्यासकट काचेवर सोडला. म्हटलं, गार करायला सांगितलीय ना. टक्क आवाज आला. कूलर मी परत जागेवर नेऊन लावला, आणि त्यांनी विचारलं तेव्हा काहीच बोलले नाही.

चार दिवस झाले, माणूस धड जेवत नाही. हत्यार फडक्यात बांधून माळ्यावर टाकलं. काल मिक्सर बंद पडला, तर म्हणाले, “दुकानात दे. माह्या हातानं नोको.” ताई, सतरा वर्षं मी हेच वाक्य ऐकायला तरसत होते, आणि काल ऐकून मला रडू आलं. सांगायला जाते आणि जीभ उचलत नाही.

तेव्हा विनंती एवढीच, की रविवारी आल्यावर रागवायचं तेवढं मला रागवा. पण त्यांच्यासमोर, मोठ्याने.