चौकटची नव्वी

प्रिय काका,

शुद्धलेखनाला हसू नका. फोनवर एका बोटाने टाईप करतेय, त्यामुळे वेळ पण लागतोय. पानं पिसून पिसून दुसऱ्या हाताचा अंगठा सुजलाय. शाळेत राहिले असते तर बरं लिहिलं असतं, पण ते तुम्हीच ठरवलंत. बाबा गेल्यावर आईला म्हणालात, "पोरगी तोंडच उघडत नाही, मास्तरांना कशाला त्रास? घोड्यांमागे पाठव, त्यांना बडबड आवडत नाही." सगळे हसले. मी पण हसले. मला ती घाणेरडी सवय आहे.

पण घोड्यांमागे मला बरं वाटायचं, शुबारमुळे. त्याची आई मेली तेव्हा तुम्हीच म्हणालात, "हे शिंगरू काय जगत नाही, तू घे." मी बाटलीने दूध पाजून जगवला त्याला. अंगभर ठिपके, एक कान जरा दुमडलेला. हाक मारावी लागायची नाही. मी कुंपणाशी नुसती उभी राहिले की यायचा. मी न बोलता माझं ऐकणारा तेवढा एकच होता घरात.

मग त्या हिवाळ्यात तुम्ही पाहुणे बोलावलेत. हिवाळ्यासाठी घोडा कापतात, मला कळतं, मी काय अल्माटीची शहरी पोर आहे का? पण कळपात म्हाताऱ्या घोड्या होत्या की. मला आईबरोबर मावशीकडे पाठवलंत आणि परत आल्यावर प्रेमाने जवळ बसवलंत. ताटात घोड्याच्या मांसाची काझी होती, मी खाल्ली. चांगली लागली म्हणून आणखी घेतली. तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत विचारलंत, "काय गं कुरालाय, कसा लागला तुझा शुबार?"

मला घास गिळता येईना, थुंकता येईना. तुम्ही पाहुण्यांना म्हणालात, "बघा, डोळ्यात पाणी, पण तोंडातून शब्द नाही! हिला उद्या बाजारात विकली तरी बोलायची नाही." आठवतं ना? मला तर अजून जिभेवर चव आठवते.

तर बातमी अशी की मी कोनायेव शहरात कपडे नाही शिवत. आईला तसं सांगितलंय. मी इथल्या मोठ्या पोकर स्पर्धेत डीलर आहे, पानं वाटते. शिकवणाऱ्या रायसाबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "तोंड बंद, हात चालू." बाकीच्या मुलींना जड गेलं. मला पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याजोगतं काम दिलं.

आणि गेल्या आठवड्यात तुम्ही येऊन माझ्याच टेबलावर बसलात.

मी दचकले. आमच्यात नियम आहे, नातेवाईक असेल तर साहेबांना सांगायचं. मी हात वर करणार एवढ्यात तुम्ही माझ्याकडे सरळ बघून म्हणालात, "ए पोरी, जरा हसून वाट, मढ्याला घास देतेयस का?" तुम्ही ओळखलंच नाहीत. केस वर बांधलेले, काळं जाकीट, एवढंच. पण मला ठाऊक आहे ना, तुम्हाला हाताभरावरचं पण धड दिसत नाही. घोड्यांच्या लसीच्या बाटलीवरचं मलाच वाचायला लावायचात. लोकांत चष्मा लावला तर म्हातारे दिसाल. मी हात खाली घेतला.

स्पर्धेच्या शेवटच्या दिवसापर्यंत पोचणार म्हणून तुम्ही गावभर सांगून आला होतात. चांगले खेळत होतात, खोटं कशाला बोलू. मग तो मोठा डाव आला. टेबलावर पाच पानं उघडी, त्यात तीन चौकटची. समोरच्या टोपीवाल्याने दोन जोड्या दाखवल्या. तुम्ही शिवी हासडून आपली पानं माझ्याकडे भिरकावलीत. ती पैशांच्या चकत्यांच्या राशीला आपटून क्षणभर माझ्याकडे तोंड करून उभी राहिली आणि पालथी पडली. मी सोडून कुणी बघितली नाहीत.

तेवढ्यात तुम्हाला कसली तरी शंका आली. खिसा चाचपत म्हणालात, "थांब गं, थांब, एकदा बघू दे." चष्मा काढत होतात ना? फेकलेली पानं रद्द पानांच्या ढिगाला लागेपर्यंत परत घेता येतात. माझा हात पानांवर होता. रायसाबाई म्हणतात, अशा वेळी श्वासभर थांबावं, माणूस आहे, चुकतो.

मी थांबले नाही. पानं ढिगात सारली.

तुम्ही साहेबांना बोलावलंत. त्यांनी मला विचारलं, "लागली ढिगाला?" मी मान हलवली. "मग संपलं, आगा," ते म्हणाले. थोड्या वेळात उरलेल्या चकत्याही गेल्या. उठताना तुम्ही ओरडलात, "मुकी पोरगी बसवलीय! अपशकुनी!" आई सांगत होती, गावात अजून तेच सांगत फिरताय, नशीब फुटकं, मुकी डीलर भेटली.

म्हणून लिहितेय, काका. नशीब फुटकं नव्हतं. तुमच्या हातात चौकटची राणी होती, ती तुम्हाला दिसली. दुसरं पान नव्वी, ती तुम्ही बदामची समजलात. ती पण चौकटची होती. टेबलावरची तीन, तुमची दोन, पाचही चौकटची, दोन जोड्यांना भारी. डाव तुमचा होता. का मी हे सगळं मनानेच रचतेय? कुणाला विचाराल? ती पानं मीच पिसली. साहेबांना हे पत्र दाखवलंत तर माझी नोकरी जाईल, पण आधी चष्म्याचं सांगावं लागेल तुम्हाला, चारचौघांत. रात्री झोपताना बघत बसा, बदाम की चौकट. आणि पुढच्या वेळी पाहुणे आले की सांगा त्यांना, कुरालाय बोलली.

माझ्या धाकट्या बहिणीचा पुढचा दात काल वाळवलेल्या दह्याचं कडक कुरुत चावताना पडला, आणि तिने तो गिळला.

तुमचीच,
कुरालाय