तिसऱ्या आग्रहाला हो

१२ एप्रिल, पहाटे (सव्वाआठ)
आजपासून रोजनिशी. मोठ्या उद्योगांची सुरुवात कशी झाली ते नंतर कुणालाच नीट सांगता येत नाही. माझ्या बाबतीत तसं होणार नाही. कुडपणच्या पठारावरच्या करवंदांपासून डिस्टिल केलेलं क्राफ्ट स्पिरिट! पोलादपूर तालुक्यात पहिलं. महाड धरलं तरी पहिलंच असावं. मुंबईची नोकरी सोडून गावी आलो ती उगाच नाही. बायकोचं, सारिकाचं म्हणणं, नोकरीने तुम्हाला सोडलं. बायका तपशिलात अडकतात.

१५ एप्रिल
आज शब्द ठरवले. भट्टी म्हणायचं नाही, डिस्टिलरी. दारू म्हणायचं नाही, स्पिरिट. पिणं म्हणायचं नाही, टेस्टिंग. हैबतीतात्यांना अर्धा तास समजावून सांगितलं. तात्या माझे चुलते आणि गावकीचे प्रमुख, त्यांचा पाठिंबा हवाच. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हंजे हातभट्टीच ना रे किशा?
संयम ठेवला.

१९ एप्रिल
'महाड-पोलादपूर क्राफ्ट डिस्टिलर्स संघ' स्थापन झाला. आमच्या ओटीवर, चहा-पोह्यांसह. सभासद: मी. भरत, माझा शाळेतला मित्र, पोलादपूरला त्याचा सोड्याचा कारखाना, म्हणजे बाटल्यांचा दांडगा अनुभव. महाडच्या प्रियदर्शिनी मॅडम, केमिस्ट्री शिकलेल्या, एमआयडीसीत नोकरीला, टेक्निकल बाजू त्यांच्याकडे. शिवाय सारिकाचा बचत गट, कारण करवंदं कुणीतरी तोडायला हवीतच. गटाला मत आहे, पण तसा तो नॉन-टेक्निकल आहे.
मॅडमनी विचारलं, परवान्याचा अर्ज केला का? परवान्याशिवाय एक थेंब काढता येणार नाही. म्हटलं, आधी संघ, मग अध्यक्ष, मग लेटरहेड, मग अर्ज. अध्यक्षाच्या सहीशिवाय अर्जाला वजन येत नाही. मॅडमनी पोह्यांची बशी पुढे ओढली. पटलं असावं.

२४ एप्रिल
महाडहून तांब्याची डिस्टिलिंगची टाकी आली. जीपच्या टपावर बांधून घाट चढवली. वाटेत तीन जणांनी लग्न कुणाकडे म्हणून विचारलं.
संध्याकाळी ट्रायल. परवाना नाही म्हणून पाणी घातलं. खाली जाळ, वर नळी, नळीतून थेंब थेंब पाणीच बाहेर आलं. प्रोसेस हंड्रेड पर्सेंट यशस्वी. सारिकाने ते सगळं पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत ओतलं. पहिल्याच बॅचला मागणी आली असं म्हणायला हरकत नाही.

२ मे
आनंदाची बातमी! जूनच्या एक तारखेला नाशिकला राज्यभरातल्या क्राफ्ट डिस्टिलर्सचा मेळावा. प्रत्येक भागाच्या अध्यक्षाला स्टेजवर खुर्ची, शाल-श्रीफळ, पाच मिनिटं भाषण. फक्त अध्यक्षाला. शाळेपासून आजवर मी स्टेजवर बसलेलो नाही, सतरंज्या घातल्या, खुर्च्या मांडल्या, माइक टेस्टिंग केलं. आता बसणार. खरं सांगायचं तर या उद्योगातलं मला सगळ्यात जास्त हेच हवं आहे. इथे लिहायला हरकत नाही.
भाषण लिहायला घेतलं. सात पानं झाली, अजून करवंदापर्यंत पोचलो नाही.

५ मे
मेहुण्याचा शिवथरहून फोन. त्याच्या मुलीचं, श्रुतिकाचं लग्न, पत्रिका छापायला चालली आहे, तुमचं नाव कसं टाकू? म्हटलं, नावापुढे 'अध्यक्ष' टाक. निवड अठराला आहे, पण ती काय, फॉर्मॅलिटी.

९ मे
निवडीची स्ट्रॅटेजी. आमच्या गावकीत पद कुणी पहिल्या फटक्यात घेत नाही. घेतलं तर हावरा दिसतो. पहिल्यांदा विचारलं की म्हणायचं, छे छे, मला नको. मग लोक आग्रह करतात. दुसऱ्यांदा तब्येतीचं सांगायचं. परत आग्रह. तिसऱ्यांदा मान खाली घालून म्हणायचं, तुमच्या सगळ्यांची इच्छाच असेल तर. तात्या असेच गावकीचे प्रमुख झाले आणि अजून आहेत.
मी पहिला आणि दुसरा नकार एकत्र करणार आहे. वेळ वाचेल आणि इफेक्ट जास्त.

१४ मे
रिहर्सल चालू. गोठ्यात करतो, तिथे शांतता असते. शुगर, बीपी, गुडघे, तिन्ही घेतलेत. शुगर नाही मला, पण ऐकायला वजनदार वाटते. आज शेवटच्या वाक्याला माझा मलाच हुंदका आला. म्हैससुद्धा रवंथ थांबवून बघत होती.
भरतला पढवून ठेवलं. मी नको म्हटलं की लगेच उठायचं आणि म्हणायचं, किशोरशिवाय दुसरा माणूस नाय! भरत म्हणाला, एवढंच ना, काळजी नको.

१८ मे, सकाळी
आज निवड. इस्त्रीचा सदरा. सारिका म्हणाली, एवढं हवं आहे तर सरळ हो म्हणा ना. तिला पब्लिक लाइफ कळत नाही.

१८ मे, संध्याकाळी
काय झालं ते शांतपणे लिहितो.
सभा देवळापुढे. तात्या मध्यस्थ म्हणून. प्रियदर्शिनी मॅडम खास महाडहून आल्या. तात्यांनी माझं नाव पुकारलं. मी उठलो आणि नकार दिला. नकार असा झाला, असा झाला की काय सांगू. शुगर सांगितली. बीपी सांगितलं. गुडघ्यांना हात लावून दाखवला. माझ्या जिवाचा भरवसा नाही, म्हटलं, हा भार दुसऱ्या कुणा समर्थ खांद्यावर द्या. बचत गटातल्या बनुबाईने पदर डोळ्याला लावला.
मग मी भरतच्या आग्रहाची वाट बघत उभा राहिलो.
भरत नव्हता. तो सोड्याच्या ऑर्डरचा फोन करायला गेलेला. आमच्याकडे रेंज फक्त कड्याजवळच्या कातळावर. तिथून त्याचे हातवारे दिसत होते.
तेवढ्यात मॅडम उठल्या. महाडसारख्या शहरात वाढलेल्या, त्यांना आमच्या गावकीची रीत कुठून ठाऊक असणार! म्हणाल्या, किशोररावांनी तब्येतीबद्दल एवढं प्रामाणिकपणे सांगितलं, आपण त्यांच्या निर्णयाचा आदर करू. आणि टाळ्या वाजवल्या. त्यांनी वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. तात्या म्हणाले, रडवलंस रे पोरा, बस खाली, उभा नको राहू, गुडघं दुखतील.
मी म्हटलं, पण तुमची सगळ्यांची इच्छाच असेल तर. टाळ्यांत कुणाला ऐकू गेलं नाही.
बनुबाई म्हणाली, आमची सारिका हाय की. तात्यांनी विचारलं, काय गो, करशील?
सारिका म्हणाली, करते.
करते! अगं, एकदा तरी नको म्हणायचं असतं! चारचौघांत असं सरळ हो म्हणतात का? पण कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. बिनविरोध निवड झाली. भरत कातळावरून धावत आला आणि आल्या आल्या दम खात ओरडला, किशोरशिवाय दुसरा माणूस नाय! सगळे हसले. मीपण हसलो.
खूप वाईट वाटलं.

१९ मे
डोकं दुखतंय. बहुधा शुगर.

२१ मे
नव्या अध्यक्षा मॅडमबरोबर जाऊन परवान्याचा अर्ज देऊन आल्या. साध्या कोऱ्या कागदावर. लेटरहेड नाही, काही नाही. एक्साइजच्या ऑफिसात घेतला म्हणे. आश्चर्य आहे.
मला सल्लागार नेमलंय. सल्ला अजून कुणी मागितलेला नाही.
गावभर माझ्या शुगरची बातमी पसरली आहे. बनुबाईने कारली आणून दिली. गटातल्याच आवडीबाईने कडू काढ्याची बाटली पाठवली. सारिकाला पक्कं माहीत आहे मला काही झालेलं नाही, तरी चहातली साखर बंद केली. म्हणाली, लोकांपुढे सांगितलंत, आता पाळायला नको?

२४ मे
विचार केला. खरा नेता पदावर नसतो, पदामागे असतो. नाशिकचं भाषण मीच लिहिलं आहे, ते सारिका वाचेल. म्हणजे स्टेजवर बोलणार मीच, फक्त आवाज तिचा. सात पानांची अकरा झाली. तिला दिली. तिने वाचली आणि म्हणाली, यात करवंद कुठे आहे?
ती स्वतःच बोलणार आहे. गटातल्या बाया करवंदं कशा तोडतात, काट्याने हात कसे ओरबाडतात, असलं काहीतरी. लोकांना झोप येईल.

२६ मे
मेहुण्याला फोन केला, पत्रिकेत थोडी दुरुस्ती करावी लागेल म्हणून. म्हणाला, झाली की, ताईचा फोन आलेला. तिच्या नावापुढे 'अध्यक्षा' टाकलं. माझं नाव कुठे आहे विचारलं. म्हणाला, आहे, आहे, शेवटून दुसऱ्या ओळीत, लहान मुलांच्या वर.

३० मे, दुपारी
नाशिकहून फोन आला. रेंजसाठी कातळावर गेलो होतो म्हणून नशिबाने लागला. अध्यक्षा आहेत का? म्हटलं, करवंदं उतरवून घ्यायला गेल्या आहेत. आपण कोण? म्हटलं, किशोर. संघाचा संस्थापक, सल्लागार. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग विचारलं, म्हणजे मॅडमचे कोण?
मिस्टर, म्हटलं.
अरे वा, मग तुम्हीच सांगा, मॅडमना शाल कुठल्या रंगाची चालेल?
जांभळी सांगितली. तिला जांभळा आवडत नाही. मला आवडतो.