रिकाम्या खोलीची नोंद

३ मार्च, सोमवार
नव्या नोकरीचा पहिला दिवस मजेत गेला. दुकान होम थिएटरचं. मागच्या बाजूला ऐकण्याची खोली : जाड पडदे, सात स्पीकर, चार खुर्च्या. मी शाळेत विज्ञान शिकवायचे हे कळताच मालकांनी माझी ‘मास्तरीणबाई’ करून टाकली. काम एवढंच, की रिसीव्हर आणि प्रोसेसर यांची तुलना करायची. रिसीव्हरमध्ये आवाज घडवणं, वाढवणं सगळं एकाच डब्यात असतं. प्रोसेसर फक्त आवाज घडवतो, त्याला ॲम्प्लिफायर वेगळा लागतो आणि किंमत तिप्पट पडते. ती वसूल होते का, हे शनिवारपर्यंत सांगायचं. मालक म्हणाले, विकणारा आपल्या ताकाला आंबट म्हणायचा नाही आणि माझे कान आता नुसते चष्मा अडकवायला उरलेत.

४ मार्च
दोन्ही यंत्रं माइकने खोली मोजतात. आधी रिकामी, मग माणूस बसवून. रिकामी मोजताना बाहेर जायचं, हा मालकांचा दंडक. रिसीव्हरच्या वेळी गेले. प्रोसेसरच्या वेळी पाय भरून आले होते, म्हणून दुसऱ्या खुर्चीत श्वास रोखून बसून राहिले. कुणाला कळतंय? पडद्यावर अक्षरं आली : ‘रिकामी खोली नोंदवली.’
आवाज मात्र अप्रतिम. रिकाम्या खोलीत जे काही नोंदलं, ते प्रोसेसर आवाजातून वजा करतो. पडदे, खुर्च्या, भिंती जणू नाहीतच.

५ मार्च
प्रोसेसर चालू असताना खोकले. ऐकू आलं नाही. कप टेबलावर ठेवला, तोही बिनआवाज. मालक दारात येऊन म्हणाले, ही बाई कुठं उलथली? मी समोरच होते, ओ दिली. ते दिवा बंद करून गेले.

६ मार्च
प्रोसेसर बंद आहे. तरी तेच. घरी आईने एकटीचंच ताट घेतलं. मी शेजारी बसले, हाका मारल्या. मग शेजारणीला फोन करून म्हणाली, कार्टीचा पत्ता नाही, एक फोन करायला काय धाड भरली होती.
वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

७ मार्च
चूक लक्षात आली. प्रोसेसरच्या हिशेबी मी रिकाम्या खोलीचा भाग आहे. खोली पुन्हा मोजली की सुटेन. बाहेर उभी राहिले, दार लावलं, फोनवरून मोजणी सुरू केली.
‘खोली रिकामी झाल्याशिवाय नोंद बदलता येत नाही. खुर्ची क्रमांक दोन : एक व्यक्ती.’
काचेतून पाहिलं. खुर्ची मोकळी होती.
तीनदा मोजलं. तीनदा तेच. रिसीव्हर म्हणतो, खोली रिकामी.
माझ्या बोटांना दाराची कडी थंड लागत नाही.

८ मार्च, शनिवार
निकाल लिहून टेबलावर ठेवला : घेऊ नका. मालकांनी त्या कागदावर चहा ठेवला. गिऱ्हाईक आलंय, नवरा-बायको. बायको दुसऱ्या खुर्चीत बसली — माझ्यावर — काही जाणवलं नाही. म्हणाली, किती स्वच्छ आवाज, हाच प्रोसेसर हवा. मालक म्हणाले, नोंद कायमची करून देतो, मग कुणी बदलू शकणार नाही.
ओरडले. त्यांचं मनगट धरलं — ते खाजवल्यासारखं करतात —
बटणावर बोट —
आई अजून मला फोन लावते आ