तीन हेडफोन आणि एक दुरुस्ती

चिखली,
बुधवार, ११ डिसेंबर २०१९

चि. आल्हाद यास,

अनेक आशीर्वाद. आम्ही तिघेही कुशल आहोत. तुझे भाऊजी गेल्या महिन्यापासून शेगावच्या शाखेत रुजू झाले आहेत आणि शनिवारी घरी येतात. आरोहीची सहामाही ठीक गेली; गणितात चांगले गुण आहेत, मराठीत माझ्या अपेक्षेपेक्षा कमी. जानेफळला थंडी पडली असेल. आईसाठी गुडघ्याचे लोकरीचे पट्टे पाठवले होते, ते ती पेटीत घडी करून ठेवते असा माझा संशय आहे. तू लक्ष घाल.

माझे पत्र पाहून तुला आश्चर्य वाटेल. फोन न करता लिहिण्याचे कारण साधे आहे. फोनवर समोरचा माणूसही बोलतो, आणि समोरचा बोलू लागला की माझे काय होते हे तुला ठाऊक आहे.

विषय हेडफोनचा आहे. तू या खेळांतला जाणकार असल्यामुळे तुझा सल्ला हवा आहे.

आरोही संगणकावर खेळताना मोबाइलबरोबर आलेली वायर कानात घालत असे. दिवाळीनंतर ती एका कानाने बंद पडली. आरोही म्हणाली, "आई, पावलं डावीकडून येतात की उजवीकडून, तेच कळत नाही. मामा चिडतो माझ्यावर." या एका वाक्यात मला दोन गोष्टी नव्या होत्या. खेळातल्या आवाजाला दिशा असते, ही पहिली. रोज चार ते पाच ती ज्याच्याबरोबर खेळते तो तू आहेस, ही दुसरी. मी पहिल्या गोष्टीची चौकशी केली.

बसस्थानकासमोर गुलजारभाईंचे संगणकाचे दुकान आहे. मी दीड हजारांच्या आतले सगळे हेडफोन काउंटरवर मांडायला लावले आणि पाऊण तास प्रश्न विचारले. पेटीवर 'सेव्हन पॉइंट वन' छापले आहे, तर त्यातले सात कोण आणि एक कोण? कान दोन आणि आतले भोंगे दोन असताना सात दिशा कुठून येतात? त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की या किमतीत त्या दिशा पेटीवरच असतात. मग मी वजन, गादीचे कापड, वायरची लांबी, चष्म्याच्या काडीवर पडणारा दाब असे सर्व विचारून घेतले. अखेर ते म्हणाले, "मॅडम, तुमाले गेम खेळाचा हाय का पीएचडी कराची हाय?" ती झालेली आहे, असे मी सांगितले. "मंग तं तुमाले यातला कोनताच पटनार नाही," असे म्हणून त्यांनी तीन हेडफोन माझ्या पिशवीत घातले. आठवडाभर घरी वापरून पाहा आणि दोन परत आणा, असे ठरले.

पहिला बिनतारी होता. दिसायला सुबक, पण त्यात आवाज किंचित उशिरा पोचतो. माणूस आधी पडतो आणि मग बंदूक वाजते. हा दोष इतका मूलभूत आहे की असे यंत्र खेळासाठी म्हणून विकणाऱ्यांच्या धारिष्ट्याचे मला नवल वाटले. दुसऱ्याच्या दोन्ही कानांवर निळे-जांभळे दिवे लागतात. घालणाऱ्याला ते दिसत नाहीत. मग ते कोणासाठी असतात हे तू मला सांग. त्याचा खालचा सूर एवढा फुगवलेला होता की पावलांच्या आवाजावर सतत ढोल वाजल्यासारखे वाटे. तिसरा साधा, काळा, वायरचा. कापडी गाद्या, दिव्यांची आरास नाही, वजन कमी.

तो मी कानांवर चढवला आणि आरोहीला म्हटले, खेळ. आल्हाद, मला हे कोणी सांगितले नव्हते! गवतावरचे पाऊल वेगळे, लाकडी जिन्यावरचे वेगळे, आणि फरशीवर माणूस थांबून वळतो तेव्हा टाच घासल्याचा आवाजही येतो. डोळे मिटून मी आरोहीला सांगू लागले: उजवीकडे, मागे, आता वर. सहापैकी पाच वेळा बरोबर आले. सहावी वेळ चुकली, कारण तो माणूस आमच्याच बाजूचा होता. ध्वनिविचार मी वीस वर्षे शिकवते आहे. पण केवळ ऐकून जागा ओळखण्याची ही परीक्षा मला कोणी घातली नव्हती. या खेळांविषयी मी जे बोलत असे, त्यातला बराचसा भाग मी मागे घेते.

आता मी जे टाळते आहे ते लिहायला हवे.

आरोही खेळत असताना तिची जुनी वायर आणि माझ्या कानांवरचा हेडफोन एकाच जोडवायरीवर होते, म्हणजे खेळातले तुमचे बोलणेही माझ्या कानांवर पडत होते. पहिल्या दिवशी ते अपरिहार्य होते. पण तपासणी एका दिवसात संपण्यासारखी असताना मी ती तीन दिवस केली, आणि माझा माईक बंद ठेवून तुमचे सारे बोलणे ऐकले. तुला ते माहीत नव्हते. हे चोरून ऐकणे होते, दुसरा शब्द मला सापडत नाही.

तुझा मोकळा आवाज मी दोन वर्षांनी ऐकला. दिवाळीला तू माझ्यासमोर बसतोस, "हो" आणि "नाही" म्हणतोस, आणि आईच्या खोलीत निघून जातोस. इथे मात्र तू तुझ्या दुकानातून, तुमच्याच गटात खेळणाऱ्या समोरच्या सकलैनला बजावत होतास, "सकलैन, कुठं हाय बे तू? चा पेऊन राह्यला का? मरशीन तं मर, पर माह्या अंगावर मरू नको." मी मोठ्याने हसले. आरोही माझ्याकडे पाहतच राहिली. मग तू तिला म्हणालास, "आरू, घाबरू नको. मी हाव ना तुह्या मांगं." ती सरळ पुढे गेली. घरी मी तिला दहादा सांगूनही ती इतक्या निःशंकपणे पुढे जात नाही.

तिसऱ्या दिवशी जे झाले ते तुला माहीत आहे. ते कसे झाले एवढेच सांगते. त्या काळ्या हेडफोनच्या वायरवर एक लहान बटण आहे; पहिले दोन दिवस ते मुळातच बंद होते, तिसऱ्या दिवशी माझ्या हाताने दाबले गेले आणि त्यात लाल ठिपका लागला. लाल म्हणजे बंद, असे मी गृहीत धरले. सोबतच्या पत्रकात उलट लिहिले होते. परंतु पत्रकाच्या पहिल्या दोन ओळींत तीन चुका दिसल्या म्हणून मी ते न वाचता टाकून दिले होते. तू म्हणालास, "आरू, थांब. तो पायऱ्याइच्या मांगं लपेल हाय." आणि मी म्हणाले, "लपलेला आहे."

मी ठरवून बोलले नाही. तोंडातून निघाले. वीस वर्षे लाल शाई वापरलेल्या हाताला कागद दिसला की रेघ ओढली जाते, तसे.

हेडफोन चांगला आहे, आल्हाद. तुझ्या दुकानातल्या पंख्याची टिकटिक ऐकू येत होती. खुर्ची एकदा करकरली. मग तू म्हणालास, "आरू, गिऱ्हाईक आलं. मी जातो." दार वाजले नव्हते, पाऊल वाजले नव्हते, कोणीही आलेले नव्हते. ते मला तेव्हा नेमके ओळखता येत होते.

याला नऊ दिवस झाले. आरोही रोज चारला बसते, खेळ उघडते, तुझे नाव पाहते. ते करडे असते, म्हणजे तू आलेला नसतोस. सव्वाचारला ती संगणक बंद करते आणि अभ्यासाला बसते, जे मी वर्षभर मागत होते. काल पाट-पाणी घेताना म्हणाली, "आई, तुला तेवढं गिळता नसतं आलं का?"

हा प्रश्न दोन वर्षांपूर्वीचाही होता. सतराच्या डिसेंबरात बोंडअळीवर चिखलीत जी सभा झाली, तिचे सूत्रसंचालन माझ्याकडे होते. बीटी कपाशीला अळी लागत नाही असे सांगून ज्यांनी बियाणे विकले आणि ज्यांनी पेरले, ते सगळे एकाच सभागृहात बसले होते. मंचावर अधिकारी होते. बियाण्याचे दुकान चालवणारा तूच एकटा उठलास, बाकीचे माना खाली घालून बसले. तू म्हणालास, "मले एकच गोष्ट सांगाची हाय." आणि मी ध्वनिक्षेपकावरून म्हणाले, "'मला' म्हणा. 'सांगायची आहे' म्हणा." लोक हसले. तू खाली बसलास. मी पुढच्या वक्त्याचे नाव घेतले.

ती एक गोष्ट कोणती होती?

मला हे कुतूहल दोन वर्षे सोडत नाही. तुझ्या भाऊजींचे म्हणणे असे की पंचनामे शेताशेतावर जाऊन करा, असे तू सांगणार होतास. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या रुखमाबाई तेव्हा सभेला होत्या. त्यांची जानेफळच्या वाटेवर दोन एकर कपाशी होती. त्यांना मी परवा विचारले. त्या म्हणाल्या, "त्या लहान पुडीचं सांगत असतीन ते. पिशवीत साध्या बियाची पुडी ये ना, शेताच्या चहूकडून पेराची. आमी साऱ्याइनं ते फेकून देली. दुकानदारायनं बी नाही सांगतलं आमाले." अळीला बीटी सोसण्याची सवय लागू नये म्हणून ती पुडी असते, हे आता मलाही कळले आहे. त्यांचा तर्क खरा असेल, तर तू त्या दिवशी भर सभेत स्वतःची चूक सांगायला उठला होतास, आणि ती तुला मी सांगू दिली नाही. माझा स्वतःचा तर्क तेव्हा असा होता की तू कंपनीला शिव्या देशील आणि माझ्या मंचावर भाषा घसरेल. म्हणून मी आधीच अडवले. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

आणखी एक, हेही कोणाला ठाऊक नाही. मी पुण्याला शिकायला गेले त्या पहिल्या आठवड्यात वसतिगृहाच्या भोजनगृहात मी विचारले होते, "भाजी उरेल हाय का?" समोरची मुलगी म्हणाली, "उरेल ना, तू आधी जेव तर." आपले 'उरेल' म्हणजे उरलेली; त्यांच्या मराठीत 'उरेल' हा भविष्यकाळ आहे. सगळे टेबल हसले. पुढचे सहा महिने मी पानात पडेल ते जेवले, मागितले काहीच नाही. आणि त्या सहा महिन्यांत मी त्यांच्यापेक्षा शुद्ध बोलायला शिकले. तेव्हा त्या मुलीचा मला जो राग आला होता तो अजून गेलेला नाही. आणि तिचे काम मात्र मी तिच्यापेक्षा चोख केले, माझ्या सख्ख्या भावावर.

व्याकरणाची गोष्ट निघाली म्हणून लिहिते. तुझे 'लपेल हाय' आणि माझे 'लपलेला आहे' मी मोजून पाहिले. तुझे एका अक्षराने आखूड आहे. खेळात तेवढ्या वेळात आरोही मागे सरली आणि वाचली. 'लपेल' हे रूप अशुद्ध नाही. ते वऱ्हाडीचे स्वतःचे, नियमाने चालणारे धातुसाधित आहे. हे मी पदव्युत्तर वर्गात दरवर्षी शिकवते. वर्गाबाहेर मात्र ते मला ऐकवत नसे.

सल्ला विचारण्याचे सोंग पुरे. हेडफोन मी घेतला, तो काळाच. गुलजारभाईंना म्हटले, याचे दोन द्या. ते म्हणाले, "दोन कायले? सायबही खेळून राह्यले का?" मी सांगितले, एक मुलीला, एक मला. दुसरी पेटी बांधताना त्यांनी हळूच दाखवले की याचा माईक ओढला की निघतो आणि हवा तेव्हा बसवता येतो.

आरोहीचा माईक जागेवर आहे. माझा काढून मी या पाकिटात ठेवला आहे. कापसाच्या बोळ्यात गुंडाळलेला आहे, पाकीट जपून फोड. त्याच्याशिवाय माझ्या हेडफोनमधून फक्त ऐकता येते.

पत्र शनिवारपर्यंत पोचेल. सोमवारी चारला आरोही बसेल. त्याच जोडवायरीने तिच्या संगणकाला दोन्ही हेडफोन लागतील, आणि मी तिच्या शेजारी बसणार आहे. या वेळी तुला आधी सांगून. तुला ते नको असेल तर तिला तसे कळव, मी बाहेरच्या खोलीत जाईन. तिच्याशी खेळणे मात्र माझ्यामुळे सोडू नकोस. ती एक गोष्ट मला ऐकायची आहे, तू जशी सांगणार होतास तशी. सोमवारी सांग, किंवा पुढच्या वर्षी सांग, खेळता खेळता मध्येच सांग. तोवर माईक तुझ्याकडे राहू दे. परत कधी द्यायचा, किंवा द्यायचा की नाही, ते तू ठरव.

आईला नमस्कार.

तुझे वाक्य पुरे होईपर्यंत थांबणारी,
सुलभाताई